पिकलेली भिंत

सुनेची गिटार पलंगाखाली होती, पेटीत, दोन्ही कड्या लावून. आणि त्या दोन कड्यांनी मावशीच्या जिवाला घोर लावला होता.

मावशी म्हणजे बाजारातली कलिंगडवाली मावशी. फळांच्या रांगेत तिचा गाळा होता आणि तिच्या जिभेला अख्खी रांग टरकून असे. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने गाळा भाचीच्या हवाली केला आणि मुलाच्या नव्या घरी राहायला आली. मुलाला ती बाब्या म्हणायची. त्याचं कपाळ मागे सरकत सरकत टाळूपर्यंत पोचलं होतं, तरी तो बाब्याच. लग्न उशिरा केलं बेट्याने, पण सून मात्र पारखून आणली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, बोलायची कमी, हसायची तेवढ्यापुरतं. येताना सोबत आणलं काय, तर कपड्यांच्या दोन बॅगा आणि एक गिटार.

"पोरगी बरी आहे," मावशीने भाचीला सांगितलं होतं. मावशीच्या तोंडी 'बरी' म्हणजे काय ते भाचीला ठाऊक होतं. हंगामातल्या सगळ्यात गोड कलिंगडालाही मावशी 'बरं आहे' एवढंच म्हणत आली होती.

सुरुवातीला सून संध्याकाळी गॅलरीत बसून वाजवायची. मावशी आत वाटाणे सोलत बसायची, तोंड असं करून की जणू खाली गल्लीत कुणी बादल्या आपटतंय. पण एक शेंग तिच्या हातात गाणं संपेपर्यंत तशीच राहायची. मग एके दिवशी वाजवणं थांबलं. गिटार पेटीत गेली, पेटी पलंगाखाली गेली, आणि कड्या लागल्या त्या लागल्या.

मावशीला विचारता आलं असतं. "का गं, हल्ली वाजवत नाहीस?" एवढंच तर विचारायचं. पण विचारलं म्हणजे आधी आवडत होतं असं कबूल करणं आलं, आणि मावशीने आजवर गिऱ्हाइकासमोरही मान तुकवली नव्हती. सुनेसमोर कुठली तुकवते!

आणि पेटीची तिने एवढी धास्ती घेतली, त्याला कारण होतं. बाजारात नवा माणूस आला की ती एकच गोष्ट बघायची. पहिल्याच दिवशी त्याने तराजू वरच्या कडीला टांगला, तर हा राहणार. तराजू पेटीतून काढायचा, माप करायचं, पुन्हा पेटीत घालायचा, असं करणारे कितीतरी जण तिने पाहिले होते. हंगाम संपायच्या आत त्यांच्या गाळ्यावर दुसऱ्याचंच ताडपत्री-छप्पर दिसायचं. तोंडाने गोड बोलतात, चहा पाजतात, पण मनाने आधीच निघालेले असतात.

सुनेचा तराजू पेटीत होता. आता ह्याला काय म्हणायचं?

बरं, तेवढंच असतं तरी मावशीने मनाची समजूत घातली असती. पण घरात आणखी काय काय चाललं होतं आणि त्याला ना शेंडा ना बुडखा.

एका रविवारी दुपारी ती पडली होती. शेजारच्या खोलीत धप्पकन काहीतरी आपटलं. ह्या नव्या घराच्या भिंती म्हणजे नावाला भिंती. पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळावं. पाठोपाठ बाब्याचा आवाज आला, "शू! आई उठेल." मग सुनेची कुजबुज, मग झाडूची खसखस. मावशी टक्क डोळे उघडे ठेवून पडून राहिली. नवरा-बायकोत वस्तू फेकण्यापर्यंत गेलं? तिच्या बाब्याने? तो तर माशी मारायलाही खिडकी उघडायचा.

थोड्या वेळाने सून चहा करायला बाहेर आली तर तिच्या केसांत पांढरं पीठ.

"काय गं, कणीक मळत होतीस की काय खोलीत?"

"अं? नाही हो आई. पावडर सांडली."

पावडर! पावडरीला वास असतो. ह्या पिठाला कसलाच वास नव्हता.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आधी 'टिट्-टिट्-टिट्' असा बारीक आवाज भिंतीपलीकडून फिरत फिरत गेला, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, जणू कुणी उंदीर शिट्टी वाजवत फिरतोय. मग धप्प. मग शांतता. मग बाब्या हळूच म्हणाला, "आता कुठे?" आणि सून म्हणाली, "जाऊ दे रे, मला आता कंटाळा आलाय ह्या सगळ्याचा."

हे वाक्य मावशीने स्वतःच्या कानांनी, स्वच्छ ऐकलं. रात्रीचं जेवण तिला जाईना. "पोट बिघडलंय," म्हणाली.

आणि त्या तसबिरी! प्रत्येक धप्प झालं की त्यानंतर त्या दोघांच्या खोलीत एक नवी तसबीर उगवायची. पहिली, जहाजाची, इतकी वर की बघायला मान मोडावी. दुसरी एका बदकाची, पलंगाच्या उशाशी, लोडाच्या उंचीवर. बदक जणू निजलेल्या माणसाच्या कानात काहीतरी सांगतंय. तिसरी दाराच्या मागे, पेअरने भरलेल्या टोपलीची, आणि पेअरही असे काढलेले की रांगेत कुणी फुकट घेतले नसते. शहाणी मुलगी, लोकांच्या डोळ्यांना नंबर देते, आणि स्वतःला तसबीर कुठे लावायची कळत नाही? का रागाच्या भरात माणूस असं काही करतो? मावशीने पुष्कळ डोकं चालवलं. भांडण, पीठ, शिट्टी, बदक. ह्या चार गोष्टी एका पाटीत काही केल्या बसेनात.

शेवटी तिने ठरवलं की समजून घेण्याची वाट बघत बसलं तर पोरगी निघून जाईल. आधी तराजू टांगायचा. गिटार बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर, भिंतीवर टांगायची. म्हणजे सुनेला कळेल की ह्या घरात तुझ्या वस्तूला जागा आहे. तोंडाने बोलायला नको, कमीपणा घ्यायला नको. हूक बोलेल.

बुधवारी दोघं कामावर गेल्यावर मावशी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

"गिटार टांगायचा हूक दे."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, तुम्ही गिटार वाजवता?"

"वाजवते. तुझ्या लग्नाला बोलावलं असतंस तर ऐकवली असती. हूक दाखव."

त्याने हूक काढला. दोन बोटं पुढे केल्यासारखा, दोन्ही बोटांना काळं रबर चढवलेलं, मागे पट्टी, पट्टीला दोन भोकं. मावशीला तो आवडला. गिटारीची मान दोन बोटांत अलगद धरणार होता.

"भिंत कसली आहे?" दुकानदाराने विचारलं.

"भिंत भिंतीसारखी. उभी आहे."

"तसं नव्हे. विटेची, काँक्रीटची, का ड्रायवॉल? म्हणजे बोर्डाची? आतून पोकळ?"

मावशीने मागे वळून पाहिलं. मुलाचं नवं घर, त्याची भिंत पोकळ, असं चारचौघांत कसं सांगायचं? काउंटरला आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. "असेल बोर्डाची," ती पुटपुटली.

"मग खिळ्याबिळ्याने नाही जमणार. हे बघा." त्याने काउंटरवर डब्या उपड्या करायला सुरुवात केली. प्लॅस्टिकचे प्लग, लांबडे प्लग, पंख उघडणारे, छत्रीसारखे उलटे फिरणारे, पितळी, पांढरे, लाल. "हे आत जाऊन फुलतात. हे मागून पकडतात. हे चालतील, पण भोक मोठं पाडावं लागतं. ह्याला वजनाचं बघावं लागेल. ह्याला बोर्डाची जाडी..."

मावशीच्या डोळ्यांपुढे रंगीबेरंगी चांदण्या नाचू लागल्या. "तू हूक विकतोयस की बांगड्या?"

"सगळ्यात पक्कं सांगू? ह्यातलं काहीच नको. बोर्डाच्या मागे उभी लाकडं असतात, दीड-दोन फुटांवर एकेक. त्यातलं लाकूड शोधा आणि नेमका त्यात स्क्रू पिळा. मग माणूस लटकला तरी पडणार नाही."

"आणि ते शोधायचं कसं? भिंतीला विचारून?"

"वाजवून बघायचं, मावशी. बोटाने ठोकायचं. आवाजात फरक कळतो. जिथे—"

"मला?" मावशीने पिशवीचं तोंड आवळलं. "वाजवून फरक? अरे, हजार कलिंगडांतून गोड कुठलं ते मी डोळे मिटून काढून दिलंय. तुझ्या बापाला विचार, तो माझ्याकडूनच न्यायचा. चल, हूक बांध आणि दोन लांब स्क्रू दे."

"अहो, पण ऐका तरी, आवाज जिथे—"

"कळला आवाज!" म्हणत मावशी पायऱ्या उतरली. मनात मात्र इतक्या दिवसांनी पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. घरात काय चाललंय ते तिच्या डोक्यावरून जात होतं, पण हे काम तिच्या हातातलं होतं. येताना भाचीच्या गाळ्यावरून तिने एक कलिंगडही घेतलं, चांगलं टपोरं. गिटारीचं वजन तिने पेटी सरकवताना जोखलं होतं, छोट्या कलिंगडाएवढं. हे त्याच्या दुप्पट होतं. आधी हे टांगून बघायचं, मग ती. परक्याची वस्तू आजमावण्यासाठी वापरायची नसते, एवढी अक्कल तिला होती.

घरी येऊन तिने दार लावलं, पदर खोचला आणि बाहेरच्या खोलीची भिंत वाजवायला घेतली.

टक टक. टक टक. कान भिंतीला, मधलं बोट वाकवलेलं. भिंत कशी गुळगुळीत, एक डाग नाही. ह्याच भिंतीवरून हात फिरवून तिने राहायला आल्या दिवशी शेजारणीला सांगितलं होतं, "बघा, आमच्या घरात एक भोक नाही." आज आपणच पाडायला निघालो, ह्याचं तिला हसू आलं.

बहुतेक ठिकाणी भिंत खोल आवाज करत होती, घुमल्यासारखा. मधेच वरपासून खालपर्यंत एक पट्टा असा यायचा की आवाज बद्द व्हायचा, मुका, दगडावर टिचकी मारल्यासारखा. मावशीने त्या पट्ट्यावर तोंड वाकडं केलं. कच्चं! असं बद्द बोलणारं कलिंगड ती बाजूला टाकायची. आत पांढरं, बेचव, नुसतं पाणी. ती पुढे सरकली. टक टक. घड्याळाच्या डाव्या अंगाला आल्यावर भिंत अशी काही खोल, भरदार, गोड घुमली की मावशीचा चेहराच उजळला.

"पिकलीय," ती स्वतःशीच म्हणाली. "इथेच."

बाब्याचा स्क्रू पिळायचा पेचकस तिने खणातून काढला. त्याच खणात एक मुठीएवढं यंत्र होतं, त्याचं बटण दाबलं तर ते 'टिट्-टिट्-टिट्' ओरडलं. मावशीने दचकून ते परत आत टाकलं. हाच तो उंदीर! म्हणजे हे यंत्र घेऊन ती दोघं भांडत होती? मावशीचा गोंधळ आणखी बोटभर वाढला. पण हातात काम होतं. तिने तो विचार बाजूला सारला.

स्क्रू सुरीने लोणी कापावं तसे आत गेले. इतके सहज की मावशीला वाटलं, भिंतीलाही हे मनापासून हवंय. तिने हुकाला हाताने हलकं ओढून पाहिलं. बसला होता. मग कलिंगड जाळीच्या पिशवीत घातलं, पिशवीचे बंद हुकाच्या दोन बोटांत अडकवले आणि चार पावलं मागे होऊन कमरेवर हात ठेवले.

टांगलेलं कलिंगड मोठं झोकात दिसत होतं.

"बघा म्हणावं," ती दुकानदाराला मनातल्या मनात म्हणाली, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात वळली.

तांब्या ओठाला लागला आणि बाहेर धप्प झालं.

अगदी तस्संच. रविवारच्यासारखंच. मावशी तांब्या हातात घेऊनच धावली. कलिंगडाच्या चिंधड्या झाल्या होत्या. लाल पाण्याचा ओहोळ थेट चपलांच्या कप्प्यापर्यंत. हूक आपले दोन्ही स्क्रू घेऊन त्या लाल चिखलात उताणा पडला होता. आणि भिंतीत, घड्याळाशेजारी, लिंबाएवढं भोक. त्यातून पांढरं पीठ खाली सांडत होतं.

मावशी खाली बघत राहिली, मग वर, मग पुन्हा खाली. एवढी गोड घुमणारी जागा! एवढं चुकीचं कसं निघालं? आयुष्यात पहिल्यांदा तिचा कान खोटा ठरला होता, आणि तोही अशा दिवशी. आता संध्याकाळी सून येईल, भोक बघेल आणि म्हणेल, ह्या घरात भिंतीसुद्धा धड नाहीत. कड्या लावलेली पेटी उचलायला तिला कितीसा वेळ लागणार?

आधी भोक झाकलं पाहिजे. मावशीची नजर घरभर फिरली आणि तिला बदक आठवलं. नाहीतरी तिकडे कुणाच्या कामाचं होतं? उशाशी कुजबुजण्यापेक्षा इथे घड्याळाजवळ शोभेल. तिने सुनेच्या खोलीत जाऊन बदकाची तसबीर उचलली.

बदकामागे भोक होतं.

लिंबाएवढंच, कडा अशाच कुरतडल्यासारख्या, आणि खाली पलंगाच्या फळीवर पांढरं पीठ. मावशी बदक पोटाशी धरून उभी राहिली. मग तिने दार ओढून मागची पेअरची टोपली काढली. तिथे भोक. भोकात एक लाल प्लॅस्टिकचा प्लग अर्धा अडकलेला, दात काढल्यासारखा. मग स्टूल घेतलं, गुडघ्यांना शिव्या देत त्यावर चढली आणि जहाज काढलं. जहाजामागे तर चांगली मूठ जाईल एवढं खिंडार!

आता तीन तसबिरी पलंगावर, मावशी स्टुलावर, आणि भिंतीची तीन तोंडं तिच्याकडे आ वासून बघत होती. भांडणाची भोकं अशी असतात? वस्तू फेकली तर भिंतीला पोचा पडेल. भोकात प्लग कोण बसवतो? हे तर...

बाहेर किल्ली फिरली.

"अगं बाई! आई! आई, कुठे आहात? काय झालं? हे रक्त..."

"रक्त नाही, कलिंगड आहे!" मावशी आतून ओरडली. "आणि तू आत्ता कशी आलीस?"

"दुकानात वीज गेली. मशीनं बंद." सून दाराशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक होता. तिने स्टुलावरची सासू पाहिली, पलंगावरच्या तसबिरी पाहिल्या, मग भोकं पाहिली, आणि चेहरा एकदम लाल झाला.

"तुम्हाला कळलं तर," ती पडेल आवाजात म्हणाली. "मी सांगणारच होते, आई. खरंच. आम्ही भरून घेणार होतो सगळं."

"काय कळलं मला? मला काडी कळलेलं नाही!" मावशी स्टुलावरून उतरू लागली, सुनेने धावून हात दिला. "मला आधी सांग, ही भोकं कसली?"

"गिटारीची."

"गिटारीची?"

"टांगायची होती. बाहेर ठेवली की कुणाचा तरी पाय लागतो, पेटीत ठेवली की काढायचा कंटाळा येतो. भिंतीवर समोर दिसत राहिली की आपोआप हात जातो ना. म्हणून आधी वर लावून बघितला हूक. पडला. मग प्लग लावला. तोही पडला. मग मागचं लाकूड शोधायचं यंत्र आणलं, तर ते मेलं सगळीकडेच टिटिट करतं. तुमच्या मुलाने तर हातोडीने..." ती थांबली. "तुम्ही पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंना म्हणाला होतात ना, आमच्या घरात एक भोक नाही. मग कुठल्या तोंडाने सांगणार? प्रत्येक वेळी भोक पडलं की तसबीर विकत आणली."

"म्हणून बदक?"

"दुकानात तेवढ्या मापाची दुसरी नव्हती."

मावशी पलंगावर बसली. धप्प, पीठ, शिट्टी, बदक. चारही गोष्टी टपाटप पाटीत येऊन बसल्या आणि तरीही पाटी तिला उचलेना.

"मग तू म्हणालीस ते? कंटाळा आलाय म्हणून?"

"भोकं पाडायचा! आणि पडलेल्या भोकांवर पैसे उडवायचा." सून तिच्याकडे बघत होती. "पण आई, बाहेर ते कलिंगड कसं काय फुटलं?"

मावशीने उत्तर द्यायच्या आधी दोनदा घसा खाकरला. "पडलं."

"कुठून?"

"भिंतीवरून."

सून बाहेर जाऊन बघून आली. परत आली तेव्हा तिच्या हातात तो रबरी बोटांचा हूक होता, लाल पाण्याने निथळणारा, आणि तिचे ओठ आवरता आवरत नव्हते.

"हस, हस," मावशी म्हणाली. "मोठ्याने हस. सासूची फजिती रोज बघायला मिळत नाही. आता मला एक समजावून दे. सगळ्यात पिकलेली जागा शोधली मी. अशी घुमली की विचारू नकोस. मग पडलं का?"

"घुमली?"

"खोल, गोड. उभा बद्द पट्टा आला तो मी सोडून दिला. कच्चा होता."

सुनेने कपाळाला हात लावला. भिंतीतलं भोक चाचपून आलेला तो हात पिठाने माखला होता, कपाळावर पांढरा शिक्का उठला. "अहो आई! घुमतं ते पोकळ! बद्द वाजतं तिथे मागे लाकूड!"

मावशीने आपल्या मधल्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे भिंतीत कच्चं तेच पक्कं?"

"तसंच म्हणा."

"जगात कुठली वस्तू अशी उफराटी असते? छे! हे घर बांधणाऱ्याने आयुष्यात एक फळ विकत घेतलं नसणार." ती उठली. "चल."

दोघींनी आधी कलिंगड निपटलं. मग मावशी भिंतीशी गेली, मधलं बोट वाकवलं, आणि ज्या आवाजाला ती जन्मभर बाजूला टाकत आली होती तो शोधायला लागली. मोठं अवघड गेलं तिला. बोट आपसूक गोड जागेकडे धावायचं. "इथे," म्हणायची आणि लगेच, "नाही गं, ही पिकलेली आहे, थांब." सून पेन्सिल घेऊन मागे. शेवटी बद्द पट्टा सापडला. मावशीने त्याची डावी कड वाजवून काढली, उजवी कड वाजवून काढली. सुनेने दोन्हींवर खुणा केल्या आणि मधोमध फुली मारली. मग सुनेने बारीक खिळा ठोकून पाहिला. आधी पांढरं पीठ आलं, तेव्हा दोघींनी श्वास धरला. मग खिळा अडला, जोर लावावा लागला, आणि बाहेर काढला तर टोकाला लाकडाचा पिवळट भुगा.

"हं," मावशी म्हणाली. "बरं आहे."

आता स्क्रू लोण्यासारखे गेले नाहीत. सुनेने पिळले, हात दुखले म्हणून मावशीने पिळले, पुन्हा सुनेने. भिंत नाही नाही म्हणत होती, आणि म्हणूनच मावशीला ह्या वेळी तिचा भरवसा वाटला. पट्टी घट्ट बसल्यावर तिने आपल्या ट्रंकेतून बाजारातलं जुनं पाच किलोचं लोखंडी माप काढलं, पिशवीत घालून हुकाला अडकवलं, आणि दोघी समोर चहा घेऊन बसल्या. फक्त बघत होत्या. चहा संपला, कपातला गाळ वाळला, माप जिथल्या तिथे.

"आण आता," मावशी म्हणाली.

सुनेने आतून पेटी आणली. दोन्ही कड्या टक्-टक् उघडल्या. गिटार हुकाच्या दोन बोटांत मान देऊन उभी राहिली, जरा झुलली, मग स्थिर झाली. मावशीने पुढे होऊन तिच्या पोटावर बोटाने टिचकी मारली. खोल, गोड, घुमणारा आवाज आला.

"ही तरी पिकलेली आहे," ती म्हणाली. मग सुनेकडे न बघता, मापाची पिशवी गुंडाळत तिने विचारलं, "मग आता तू जाणार नाहीस ना?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे... कुठेच."

"मी कुठे जाणार होते, आई?" सुनेच्या कपाळावर त्या पांढऱ्या शिक्क्याखाली आठी पडली. तिला खरोखरच काही कळलं नव्हतं. ती मावशीच्या तोंडाकडे बघत राहिली. मावशी पिशवीची घडी घालत राहिली, एकदा, दोनदा, पिशवी एवढीशी होईपर्यंत.

"काही नाही. उगाच विचारलं. ती पेटी माळ्यावर टाकायची का?"

"नको, बाहेर न्यायची झाली तर लागेल ना. पलंगाखालीच राहू दे."

"राहू दे," मावशी म्हणाली. पेटी उचलताना ती तिला फार हलकी लागली.

संध्याकाळी बाब्या आला. दारातच थबकला. घड्याळाच्या काखेत, अर्धं आकड्यांखाली शिरलेलं, जरा तिरकं, एक बदक त्याच्याकडे बघत होतं. समोर आई वाटाणे सोलत बसलेली, शेजारी बायको गिटारीच्या तारा पिळत बसलेली. त्याने बदकाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, भुवया उंचावल्या, डोळ्यांनीच आईच्या दिशेने खूण केली; काय विचारायचं आणि कुणासमोर विचारायचं, ते त्याला कळेना.

"हे... हे इथे का लावलं?"

"छान दिसतं म्हणून," मावशी म्हणाली.

"छान दिसतं म्हणून," सून म्हणाली, आणि वाजवायला लागली.

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली.